'2010 ला देशाची फक्त लाज गेली' म्हणणाऱ्यांना कोल्हापुरातनं उत्तर

अहमदाबादला 2030 च्या कॉमनवेल्थ गेम्स (पूर्वी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या देशांची खेळांची स्पर्धा) मिळाल्यापासनं एक मेसेज फिरतोय, तालमीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, पाहुण्यांच्यात पण आला. त्यात म्हणणं असं की 2010 ला दिल्लीतल्या कॉमनवेल्थवर 70 हजार कोटी उडवले, जगात नाक कापून घेतलं, मेडल मिळाली ती चीन-अमेरिका नव्हते म्हणून, आणि दिल्लीच्या त्या तमाशाचा कोल्हापूरला काय उपयोग झाला, तेव्हा यजमानपदाचा अभिमान वगैरे सोडून द्या. मला हे पटत नाही आणि गप्प पण बसवत नाही, कारण पुढं पाठवणारे सगळे आपलेच लोक आहेत आणि त्यांना खेळाचं प्रेम नाही असं अजिबात नाही.

आधी ते 70 हजार कोटी. हा आकडा गेली पंधरा वर्षं फिरतोय आणि त्यात सगळंच एकत्र धरलंय, दिल्लीचं विमानतळ, मेट्रो, रस्ते, पूल सगळं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट 2011 ला आला त्यात केंद्र आणि दिल्ली सरकारचा मिळून आकडा 18,532 कोटी होता, विमानतळ आणि मेट्रोचा खर्च त्यात धरलेला नाही. आता 18 हजार कोटी काय कमी आहेत का, नाहीत, आणि 2003 ला यजमानपद मागताना अंदाज बाराशे कोटींचा होता हे वाचलं की डोकं फिरतंच. पण खरा आकडाच एवढा चीड आणणारा असताना चौपट करून सांगायची गरज काय? चुकीचा आकडा सांगितला की समोरचा तेवढाच धरून बसतो आणि खरा प्रश्न राहतो बाजूला.

नाक कापलं गेलं म्हणे. स्पर्धेच्या आधीचं म्हणाल तर हो, गेलं. नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल 21 सप्टेंबरला पडला, कामगार जखमी झाले, खेळाडूंच्या राहायच्या जागेतली घाण जगभरच्या पेपरात छापून आली, काही परदेशी खेळाडूंनी येणारच नाही म्हणून कळवलं. यातलं काहीच मी झाकणार नाही. पण मेसेज तिथंच संपतो आणि स्पर्धा तर 3 ऑक्टोबरला सुरू झाली! पुढच्या अकरा दिवसांचं एक वाक्य नाही त्यात. कृष्णा पुनियानं थाळीफेकीत गोल्ड मारलं, मिल्खा सिंगच्या 1958 च्या गोल्डनंतर अ‍ॅथलेटिक्समध्ये कॉमनवेल्थचं गोल्ड आपल्याला मिळालं नव्हतं, 52 वर्षं, आणि त्या दिवशी दुसरी आणि तिसरी पण आपलीच पोरगी. शेवटच्या दिवशी हॉकीच्या फायनलला ऑस्ट्रेलियानं 8-0 नं धुतलं आणि त्याच दिवशी सायना नेहवालनं मलेशियाच्या वाँग म्यू चूला हरवून 38 वं गोल्ड आणलं, इंग्लंडची 37, म्हणून आपण दुसऱ्या नंबरला. एकूण 101 मेडल. ज्यांनी तो दिवस टीव्हीसमोर बसून बघितलाय त्यांना विचारा लाज वाटली होती की काय वाटलं होतं. चार बाय चारशे रिलेच्या गोल्डचं मात्र मी नाव घेत नाही, त्या टीममधल्या तिघी पुढच्याच वर्षी डोपिंगमध्ये सापडल्या. त्याचा अभिमान नको, तेवढं वजा करा. पण वजा करून जे उरतं ते स्पर्धा भरवणाऱ्या कमिटीवाल्यांचं नाही, खेळाडूंचं आहे, आणि पैसे खाल्लेल्यांवरचा राग खेळाडूंच्या मेडलवर काढणं हा मला अन्याय वाटतो.

चीन-अमेरिका नव्हते हे खरंच आहे, कॉमनवेल्थमध्ये ते कधीच नसतात. पण मग महिन्याभरानं ग्वांगझूला एशियन गेम्स झाल्या, तिथं चीन, जपान, कोरिया सगळे होते, आणि आधीच्या दोहाला आपली 10 गोल्ड होती ती 14 झाली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला 3 मेडल, 2012 च्या लंडनला 6. सगळं श्रेय यजमानपदाचं असं मी म्हणणार नाही, पण घरात कार्य निघालं की जसं घर आवरलं जातं तसं सरकारनं त्या दोन-तीन वर्षांत कॅम्प, परदेशी कोच, बाहेरच्या स्पर्धा यांच्यावर आधी कधी केला नव्हता एवढा खर्च केला.

आणि आता कोल्हापूरला काय मिळालं. हे वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण लिहिणारा आपल्यातलाच कोणतरी दिसतोय. अरे, 2010 ला दिल्लीत नेमबाजीत 25 मीटर पिस्तूल पेअर्सचं, म्हणजे जोडीचं, गोल्ड कुणी घेतलं? आपल्या राही सरनोबतनं, आपल्याच महाराष्ट्राच्या अनिसा सय्यदबरोबर. मग सिंगल्सला अनिसा पहिली, राही दुसरी. तेजस्विनी सावंत ऑगस्टमध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन होऊन आली होती, तिनं दिल्लीत 50 मीटर रायफल प्रोनला (पालथं पडून नेम धरायचा) सिल्व्हर घेतलं. एका गावच्या दोन पोरी!

राहीचं तर अजून आधीपासनं बघा. 2008 ला पुण्यात बालेवाडीला कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या, तिथं तिनं गोल्ड घेतलं तेव्हा ती लहानच होती, आणि ती स्पर्धा आपल्या राज्यात, घरापासनं चार-पाच तासांवर होती. तिथनं दिल्ली, मग लंडन ऑलिंपिक, मग 2018 ला इंडोनेशियातल्या पालेमबांगला एशियन गेम्सचं गोल्ड, जे भारताच्या कुठल्याच बाई नेमबाजाला आधी मिळालं नव्हतं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, 2024 ला पॅरिसला ब्रॉन्झ घेतलेला, तो सराव कुठं करायचा? बालेवाडीतच. 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी उभं केलेलं आणि 2008 साठी सुधारलेलं ते संकुल. स्पर्धा संपली की सगळं भंगारात जातं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

खरं तर यजमानपद म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरजच नाही. शाहू महाराजांनी खासबाग हे कुस्तीचं मैदान बांधलं, 1912 ला तिथं कुस्त्या सुरू झाल्या, पंजाबचे तगडे मल्ल इथं आणून लढवले. का? तर आपल्या पोरांना चांगला मल्ल डोळ्यासमोर बघायला मिळावा, त्याच्याशी धरता यावं म्हणून. त्या येण्याजाण्यातनंच हे कुस्तीचं गाव झालं. मेसेज लिहिणाऱ्यानं तेव्हा पण विचारलं असतं का, बाहेरच्या पैलवानांवर खर्च कशाला?

फुटबॉलचं पण थोडं सांगतो. 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप भारतात झाला, यजमान म्हणून आपल्या टीमला थेट एन्ट्री होती, आणि त्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिन्ही मॅच हरलो, ठीक आहे. पण 13 लाख 47 हजारांवर प्रेक्षक आले, या वर्ल्डकपला तोपर्यंत एवढे कुठंच आले नव्हते. गुवाहाटीचं मैदान पावसानं खराब झालं तर सेमीफायनल कोलकात्याला हलवली आणि ती व्यवस्थित पार पडली. म्हणजे 'आपल्याला जमतच नाही' हे पण खोटं.

राहिला 2030 चा प्रश्न. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये नेमबाजी नव्हती, 2026 च्या ग्लासगोच्या यादीत नेमबाजी नाही आणि कुस्ती पण नाही. दिल्लीत नेमबाजीत आपल्याला 30 मेडल होती, कुस्तीत 19. कुठले खेळ ठेवायचे यात यजमानाचं म्हणणं चालतं, मग आपल्या पोरांचे खेळ परत आणायला आपणच यजमान असणं बरं की नाही? तेव्हा नको म्हणून मेसेज पुढं पाठवण्यापेक्षा मागणी करूया, की नेमबाजी आणि कुस्ती दोन्ही पाहिजेत, आणि प्रत्येक कामाचा अंदाज किती होता आणि बिल किती झालं हे स्पर्धा संपल्यावर कॅगकडनं कळण्याआधी, दर तीन महिन्यांनी, लोकांसमोर ठेवलं पाहिजे.