निळा रंग गंधकाचाच, पण कोणत्या गंधकाचा?

सर, नमस्कार. लाजवर्द या निळ्या दगडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'गंधक पिवळा असतो आणि सल्फाइड आयनाला रंगच नसतो. निळं दिसलं की आधी तांबं नाहीतर कोबाल्ट शोधावं, हेच आम्ही वर्गात शिकवत आलो. तीन अणूंचा गंधक-आयन कागदावर ठीक आहे, पाण्यात टिकतो का बघा.' दोन ओळींत निकालात काढावी अशी ही शंका नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक. 'निळा रंग गंधकाचा' एवढंच लिहून मी पुढे गेलो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिवळी पूड येणारच. लिहायला हवं होतं ते असं: तीन गंधक अणू एकमेकांना जोडलेले, आणि तिघांत मिळून एकच जादा इलेक्ट्रॉन. सल्फाइडमध्ये एकटा अणू दोन इलेक्ट्रॉन घेतो, त्याची बाहेरची कक्षा पूर्ण भरते आणि दृश्य प्रकाश त्याला हलवू शकत नाही. इथे तिघांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा: ६ त्रिक १८, वर १, म्हणजे १९. एकाला जोडीदार नाही. त्या अर्धवट भरलेल्या जागेत खालचा इलेक्ट्रॉन चढतो आणि त्यासाठी ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश शोषला जातो. डोळ्यांपर्यंत पोचतं ते निळं.

आता तांबं. अझुराइट आणि पिरोजा या निळ्या खनिजांत तांबंच आहे, तिथे तुमचा नियम चोख. पण अल्ट्रामरीन, म्हणजे कारखान्यात केलेला लाजवर्दी रंग (कपड्यांना द्यायची नीळ-पूड याचीच असायची), तुम्ही शिकवलेल्या रीतीनेच तपासता येतो. मी परीक्षानळीत चिमूटभर पूड घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. बघता बघता निळेपण गेलं, खाली पांढुरका लगदा राहिला आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला. (हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, करून पाहणार असाल तर चिमटीहून जास्त घेऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा.) वरचं द्रावण गाळून घेतलं आणि त्यात अमोनिया घातला. तांबं असतं तर गर्द निळं झालं असतं. आला तो पांढरा, बुळबुळीत साका, अ‍ॅल्युमिनियमचा. कोबाल्टही नाही. फ्रान्समध्ये गिमे यांनी १८२०च्या दशकात हा रंग कृत्रिमरीत्या केला. तो चीनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा तापवून होतो. त्यात तांब्याचा संबंधच येत नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडलेला मुद्दा तोच. साध्या पाण्यात हा आयन टिकत नाही, हे तुमचं बरोबर. दगडात तो टिकतो, कारण अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळीत एकेक आयन पिंजऱ्यात बसावा तसा बंद असतो. शेजारी सोडियम असतो, हवा-पाण्याचा स्पर्श नाही. अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द अजिंठ्याच्या भिंतींवर इतक्या शतकांनंतरही निळा दिसतो तो या पिंजऱ्यामुळे.

पण पिंजरा नसला तरी हा आयन दिसतो. सोडियम पॉलिसल्फाइड (यात गंधक अणूंच्या साखळ्यांचे आयन असतात) पाण्यात विरघळवलं तर द्रावण पिवळं-नारिंगी होतं. तेच हवा न लागू देता डायमिथाइल फॉर्ममाइड या द्रावकात घातलं की निळं. सहा गंधक अणूंचा, दोन ऋण प्रभारांचा आयन तिथे मधोमध तुटतो आणि त्याचे तीन-तीन अणूंचे दोन निळे तुकडे होतात. आणि २०११ मध्ये पोक्रोव्स्की आणि दुब्रोविन्स्की या संशोधकांनी हिऱ्यांच्या दाबकुपीत (दोन हिऱ्यांमध्ये दाब देणाऱ्या उपकरणात) गंधकयुक्त पाणी तापवून लेझरने पाहिलं, तेव्हा २५० अंश सेल्सियसच्या वर आणि हजारो वातावरणांच्या दाबाखाली हाच आयन चक्क पाण्यात सापडला. पाणी थंड झालं की तो मोडतो. म्हणून थंड झालेले नमुने तपासणाऱ्यांच्या हाती तो लागत नव्हता.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे. परीक्षानळीचा प्रयोग तुम्ही केलात तर काय दिसलं ते इथेच जरूर लिहा.