काका, वारणेचे कॉम्प्युटर पुरते फसले नव्हते

नमस्कार काका.

गावातल्या डिजिटल शेतीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि चांगलंच तिखट लिहिलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमची नोकरी साखर कारखान्याच्या शेती खात्यात झाली. १९९८ साली वारणेच्या गावोगावी कॉम्प्युटर बसले तेव्हाही असाच गाजावाजा होता, पुढे त्यांच्यावर धूळ बसली. शेतकऱ्याला पाणी द्या, भाव द्या, मोबाईलचं खूळ शहरातल्यांनी आपल्यापाशी ठेवावं.

धुळीबद्दल माझं भांडण नाही. पण वारणेची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत, आणि मला जे म्हणायचंय ते उरलेल्या अर्ध्यात आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाभोवतीची कोल्हापूर-सांगलीची सत्तर गावं कॉम्प्युटरने जोडायची, असा तो प्रकल्प. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा, तिघांचा मिळून. बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी योजना, सगळं गावातल्या केंद्रावर मिळणार होतं. प्रत्यक्षात चालला तो उसाचा हिशेब. माझी लागणीची नोंद कोणत्या तारखेची, तोड कधी, किती टन गेला, खताचे किती कापले. एवढ्यासाठी लोक केंद्रावर येत. बाकीच्या गोष्टींकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी हे पाहिलं. एवढंच काम असेल तर अख्खा कॉम्प्युटर हवाय कशाला? सात गावांत आठ महिने त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी मोबाईल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसवर दिली. काम भागलं. म्हणजे फसलं ते 'माहिती केंद्र'. माणसाचा स्वतःचा हिशेब त्याच्या हाती देणं, हे फसलं नाही.

आणि हा हिशेब किती जिव्हाळ्याचा, हे तुम्हाला मी काय सांगू! फडात गाडी भरली की चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा नोंद करणारा माणूस, चिठ्ठी करतो: नाव, गट, उसाची जात, गाडीचा नंबर. तिथून पुढे ऊस शेतकऱ्याच्या नजरेआड. काटा कारखान्यावर, गाडी रांगेत, वजन व्हायला कधी मध्यरात्र उलटते. पूर्वी टनेज कळायचं चिठ्ठी परत आल्यावर, तोवर कोण कुणाला विचारणार? आता बऱ्याच ठिकाणी काट्यावर गाडी चढली की वजनाचा मेसेज येतो. एकाच रानातल्या, सारख्याच भरलेल्या दोन ट्रॉल्यांत टनभराचा फरक दिसला, तर सकाळी जाऊन भांडायला मुद्दा हातात असतो. काटामारी, म्हणजे वजनातली चोरी, याने थांबत नाही, हे मान्य. काटाच खोटा असेल तर मेसेजही खोटंच बोलणार.

भावाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. टोमॅटो तोडून क्रेटमध्ये भरल्यावर पुण्यात भाव पडलाय हे मोबाईलवर कळून उपयोग काय? २०१६ साली ई-नाम आलं, देशभरच्या बाजार समित्या ऑनलाइन जोडणारं. पण ज्या अडत्याकडून उचल घेतलीय त्याच्याच गाळ्यावर माल उतरवावा लागतो, त्या माणसाला देशभरची बाजारपेठ दाखवून काय फरक पडणार?

पाण्याचं मात्र पटलं नाही. पाणी की मोबाईल, असा सवाल रानात कुणाला पडत नाही. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की विहिरीवर कोण जातं? साप, बिबट्या, चिखल, आणि मोटर चालू करायला गेल्यावर कळतं की एक फेज गेलाय. यावर सिमकार्ड घातलेला मोबाईल स्टार्टर आला. अंथरुणातून फोन लावायचा, मोटर सुरू. त्याची जाहिरात मंत्र्यांनी केली नाही, लोकांनी मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून तो स्वतःच्या पैशाने आणला. खूळ म्हणून कुणी एवढे पैसे घालत नाही.

तुमची टीका मला खरी बोचली ती तुम्ही नाव न घेतलेल्या ठिकाणी, ई-पीक पाहणीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. विचार चोख होता. तलाठ्याने बांधावर न जाता गेल्या वर्षीचाच पेरा उतरवायचा आणि सोयाबीनच्या रानात कागदोपत्री ज्वारी उभी करायची, त्यापेक्षा शेतकऱ्याने पिकाचा फोटो काढून आपली नोंद आपणच करावी. पण सातबारा आईच्या नावावर, मोबाईल पोराच्या खिशात, आणि पोरगा चाकणला कंपनीत. डोंगरकपारीच्या रानात रेंज नाही. शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतात, सर्व्हर दमतो, मग मुदतवाढ. नोंद राहिली तर पेरा कोरा, आणि पेरा कोरा तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडे हेलपाटे. तलाठ्याचं काम हलकं झालं, ते पडलं कुणाच्या डोक्यावर? आता गावपातळीवर सहायक नेमलेत, हे बरं झालं. पण त्यांचा मोबदला वेळेवर पडला नाही तर तेही किती दिवस बांध तुडवतील?

म्हणून कुठलंही ॲप आलं की मी आधी हेच बघतो: कुणाचा हेलपाटा वाचला आणि कुणाचा वाढला. वजनाचा मेसेज आणि मोबाईल स्टार्टर यात शेतकऱ्याचा वाचला. पीक पाहणीत सरकारचा वाचला. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरलंत, तिथे माझी हरकत आहे.

एक विचारायचं राहिलं. चिटबॉयच्या हातात आता काही ठिकाणी छोटं मशीन आलंय, त्यातून चिठ्ठी छापून निघते. आमच्या भागात लोक म्हणतात की यामुळे तोडीची पाळी मागेपुढे करणं अवघड झालं. तुम्ही पाळीपत्रक, म्हणजे लागणीच्या तारखेवरून लागणारी तोडीची यादी, आतून पाहिलंय. लागणीच्या तारखेची मूळ नोंदच कुणी बदलली, तर ते या मशीनमध्ये कुठे पकडलं जातं का?