सिरपूर तलाव आणि 'फोटोवाले': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंदूरच्या सिरपूर तलावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की तलाव वाचवण्यासाठी झटणाऱ्या 'द नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेची मंडळी इतकी वर्षं नुसते पक्ष्यांचे फोटो काढताहेत, रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा सरकारने मिळवला आणि जलकुंभी (जलपर्णी), नाल्याचं पाणी आजही तिथेच आहे. मग यांनी केलं काय?

नाल्याबद्दलचा तुमचा संताप रास्त आहे. मलाही तितकीच चीड येते. पण सांडपाणी वळवणं, त्यावर प्रक्रिया करणं हे नगर निगमचं काम. गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या चार माणसांकडे त्याचा हिशेब मागू नका.

जलकुंभीचं एखादं रोप काठावर उभं राहून ओढून बघा. स्पंजासारखा फुगीर देठ, खाली निथळणाऱ्या काळपट-जांभळ्या मुळांचा जड झुबका, आणि आडव्या फुटव्याला लागलेलं दुसरं लहान रोप. ते तुटून पाण्यात राहिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बी तर चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. त्यात सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळालं की मोकळी केलेली जागा काही आठवड्यांत भरते. ती अजून दिसते, म्हणून कुणी काढलीच नाही असं होत नाही.

आता फोटोंचं. पद्मश्री (२०१६) मिळालेले, या संस्थेचे भालू मोंढे मुळात छायाचित्रकारच. त्यात उणं काय? रामसरचा दर्जा नुसत्या अर्जावर मिळत नाही. नऊ निकषांपैकी निदान एक पुराव्यानिशी दाखवावा लागतो. २०२२ मध्ये सिरपूर यादीत आलं, त्याच्या माहितीत लालसरी बदकाचा उल्लेख आहे. जगभरात ही जात धोक्यात आहे. ती इथे उतरते हे कळायला कुणीतरी हिवाळ्यामागून हिवाळे पहाटे काठावर उभं राहून, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि थापट्या बदकं यांच्या गर्दीतून तिचं तांबूस डोकं वेगळं ओळखून वहीत टिपलेलं असावं लागतं. ही नोंद सरकारी फायलीत आपोआप उगवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर रामसर करारानुसार 'पाणथळ शहर' म्हणून मान्यता मिळाली. तिच्याही मुळाशी असलंच काम आहे.

आणि धार रोडला जमिनीचे भाव काय आहेत, हे तुम्हाला इंदूरकर म्हणून ठाऊक आहेच. होळकरांच्या काळातला हा तलाव भराव टाकून, प्लॉट पाडून केव्हाच गिळला गेला असता. नव्वदच्या दशकापासून लोक अतिक्रमण आणि शिकारीविरुद्ध भांडत राहिले, म्हणून आज आपण त्याच्या पाण्याविषयी वाद तरी घालू शकतो.

नाल्याबद्दल निगमला निवेदन द्यायचं असेल तर मसुदा पाठवा. मी सही करेन, आणि द्यायला तुमच्याबरोबर येईनही.