चोराची भीती, करारपत्राकडे पाठ

नव्या लेखकांना सावध करणारा एक मेसेज सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: नोंदणी केल्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही. तेही जमत नसेल तर हस्तलिखित टपालाने स्वतःलाच पाठवा आणि पाकीट न फोडता जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुरावा ठरेल. आयएसबीएन मिळाला की हक्क पक्का. तोवर कथानक कुणाला सांगू नका. आणि एकदा प्रकाशकाने छापलं की हक्क तसेही त्याचेच. हेतू चांगला असेल, पण हे सल्ले लेखकाला भलत्याच दारावर पहाऱ्याला बसवतात.

पहिला मुद्दा नोंदणीचा. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा नोंदणीची सक्ती करत नाही. मजकूर लिहिला गेला, मग तो वहीत असो की फोनमध्ये, की हक्क निर्माण झाला. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातही हेच तत्त्व आहे, त्यामुळे करारातल्या इतर देशांत संरक्षणासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी निरुपयोगीही नाही. कलम ४८ नुसार नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. वाद होण्याची शक्यता वाटत असेल तर जरूर करावी. ती केली नाही म्हणून हक्क बुडाला, असं मात्र होत नाही.

बंद पाकिटाबद्दल थोडक्यात: कायद्यात त्याला कसलंही खास स्थान नाही. पाकीट उघडंच पाठवून मजकूर नंतर भरता येतो, हे समोरच्या वकिलाला सुचणार नाही असं समजायचं कारण नाही. त्यापेक्षा तारखांसह जपलेले कच्चे खर्डे आणि संपादकाशी झालेले ईमेल जास्त कामाचे.

आयएसबीएन हा पुस्तकाची विशिष्ट आवृत्ती ओळखण्याचा १३ आकडी क्रमांक आहे. छापील पुस्तकाला एक, त्याच्याच ई-बुकला दुसरा. मालक कोण, याविषयी तो काहीच सांगत नाही.

कथानक लपवण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेजवाल्यांना वाटतं ते नव्हे. कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं: संरक्षण कल्पनेला, विषयाला किंवा ऐतिहासिक घटनेला नाही, त्या ज्या पद्धतीने मांडल्या त्या मांडणीला आहे. म्हणजे गप्पांत ऐकलेल्या तुमच्या कल्पनेवर कुणी स्वतःची कादंबरी लिहिली, तर हा कायदा फारसा मदतीला येत नाही. नोंदणी असली तरीही नाही. पण म्हणून संपादकालाही कथानक सांगायचं नसेल, तर पुस्तक छापणार कोण?

आता शेवटचा दावा, जो मला सगळ्यात घातक वाटतो. छापल्याने हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत, सही केल्याने जातात. आणि छापलं की सगळं त्याचंच, असं मानणारा लेखक सही करताना करार वाचतच नाही.

कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात असावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. प्रकाशकाने एक वर्षात हक्क वापरलेच नाहीत तर ते संपुष्टात येतात. मात्र करारात वेगळं ठरलेलं असेल तर नाही. आणि करारात बहुधा वेगळंच ठरलेलं असतं, कारण मसुदा प्रकाशकाचा असतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली: करार करताना अस्तित्वात नसलेलं माध्यम करारात स्पष्टपणे नमूद नसेल, तर त्याचे हक्क जात नाहीत.

तेव्हा ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं एक वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा. कॉपीराइट लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्या वाक्याने तुमच्या वारसांचीही सही झाली. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत. जो प्रकाशक ऑडिओबुक काढतच नाही, त्याला तो हक्क कशासाठी द्यायचा? शक्यतो हस्तांतराऐवजी ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा, म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवून फक्त वापराची परवानगी. नव्या लेखकाचं कुणी ऐकत नाही म्हणतात, ते काही अंशी खरं आहे. पण अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क वगळा म्हटल्यावर अनेकदा वगळले जातात, कारण त्यांची पहिल्या पुस्तकाच्या वेळी कुणाला घाई नसते.

एक गोष्ट मात्र सगळे हक्क दिल्यानंतरही उरते. कलम ५७ प्रमाणे पुस्तक आपलं आहे असा दावा करण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

आणि ‘पुस्तक बाजारात उपलब्ध नसल्यास हक्क परत’ हे कलम करारात असलं तरी निर्धास्त होऊ नका. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, ई-बुक तर कधी संपतच नाही. त्यामुळे ‘उपलब्ध नाही’ ही वेळ येतच नाही. तिथे वर्षाला विकलेल्या प्रतींचा किमान आकडा लिहून घ्यावा. तेवढ्या खपल्या नाहीत तर हक्क लेखकाकडे.