‘मेलेल्या गेंड्याला कसली प्रायव्हसी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘गोकाकच्या गेंड्यावर लिहिता लिहिता प्रायव्हसीचं तुणतुणं कशाला? मेलेल्या गेंड्याला कसली प्रायव्हसी? ट्वेंटीथ्री अँड मी फोडली हेही चूक, आणि कायद्याचं वकील बघतील,’ असं माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत. लेखात मी म्हटलं होतं, की गोकाकच्या गेंड्यासारख्या जुन्या हाडांतून डीएनए काढताना हाताळणाऱ्या माणसांचा डीएनएही सोबत येतो, तो गाळूनच फाइल सार्वजनिक करा. मतभेद चालतो. ‘तुणतुणं’ मात्र लागलं. सीमाभागात मराठीतून विज्ञान लिहिणारे मोजकेच, त्यांना बेळगावच्याच वाचकानं असं बोलायचं?

एक चूक कबूल. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या, लोकांचा डीएनए तपासून देणाऱ्या कंपनीची यंत्रणा फोडली गेली नव्हती. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली गेली. ओळ दुरुस्त केली आहे. पण त्या खात्यांतून, नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळं, सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, हेही वाचा.

आता गेंडा. प्रायव्हसी गेंड्याची आहे असं मी कुठं म्हटलंय? ती हाड हाताळणाऱ्यांची. उकरणारा, धुणारा, कपाटात ठेवणारा, सगळ्यांची त्वचा आणि लाळ हाडावर बसते, सच्छिद्र भागात मुरते. वरून ब्लीच फिरवलं तरी आतलं राहतं. ड्रिलनं ५० मिलिग्रॅम पूड काढली की तेही नळीत येतं, आणि डीएनए वाचणारं सिक्वेन्सिंग यंत्र डीएनएचा तुकडा कुणाचा ते बघत नाही. अकरा वर्षं या कामात आहे. हाडाची पूड न घातलेल्या नियंत्रण नळीतसुद्धा माणसाचे तुकडे मिळतात, हे मला कुणी शिकवायला नको.

खरी गफलत पुढं होते. गेंड्याच्या जीनोमशी, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएशी, जुळणारे तुकडे शोधनिबंधात जातात, पण कच्ची फाइल जशीच्या तशी सार्वजनिक संग्रहात चढते. न जुळलेल्या तुकड्यांत माणसं असतात. उपाय सरळ आहे. डीएनएच्या (ए, सी, जी, टी या) ३५ अक्षरांपेक्षा छोटे तुकडे टाकून द्या. उरलेले माणूस आणि पांढरा गेंडा अशा एकत्र जीनोमवर जुळवा आणि माणसाकडं जास्त चांगले जुळणारे काढा. आधी फक्त माणसाच्या जीनोमवर गाळू नका. छोटे तुकडे दोन्हीकडं बसतात आणि गेंड्याचाच खरा माल जातो. प्राचीन तुकड्याच्या टोकाला सी च्या जागी टी वाचला जातो. हाताळणाऱ्याच्या ताज्या तुकड्यात ती खूण जवळपास नसते, म्हणून तो ओळखू येतो. कच्ची फाइल मागणी तपासूनच द्या.

हे नुसतं घाबरवणं नाही. समुद्री कासवांवर काम करणाऱ्या फ्लोरिडाच्या गटानं २०२३ मध्ये दाखवलं, की पाणी-वाळूच्या नमुन्यांत माणसाचा डीएनए आपोआप येतो. मग परवानगी घेऊन वाळूतल्या पावलांच्या ठशांतून तो मुद्दाम काढूनही बघितला.

गोकाकचं म्हणाल, तर भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये वर्णिलेला तो गेंडा आपल्या उष्ण मातीतला. लाखो वर्षं जुन्या मॅमथचा (नामशेष झालेल्या हत्तीच्या नातलगाचा) डीएनए वाचता आला तो सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीमुळं. आपल्याकडच्या हाडात गेंड्याचा डीएनए टिकलेला असण्याची आशा फार कमी; हाताळणाऱ्याचा मात्र नक्की मिळेल. म्हणजे तुम्ही ज्या हाडाचा दाखला दिलात, तिथंच माझा मुद्दा जास्त लागू पडतो.

कायद्याबद्दल एवढंच: डीएनएच्या वापरावर नियम घालणारं २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये मागं घेतलं गेलं. वकिलांची वाट बघत फाइली चढवायच्या का?

गाळण्याच्या पायऱ्या लेखात राहतील. काढणार नाही.