दहा किलो उतरवा आणि यंत्र विसरा, हा सल्ला का चुकीचा आहे

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, याविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: हा आजार फक्त लठ्ठ माणसांना होतो, दहा किलो वजन उतरवले की तो मुळापासून जातो, त्यावर रात्री झोपताना लावायच्या सीपॅप या श्वासाच्या यंत्राची एकदा सवय लागली की ती सुटत नाही, आणि घोरणे थांबले म्हणजे रुग्ण बरा झाला. यातील काही विधानांत थोडे तथ्य असल्यामुळेच हा मजकूर घातक ठरतो.

पहिले विधान लठ्ठपणाचे. मान, जीभ आणि घशाभोवती साठलेल्या चरबीमुळे श्वासाचा मार्ग अरुंद होतो आणि झोपेत स्नायू सैल पडले की तो बंद होतो, हे खरेच आहे. परंतु लहान किंवा मागे असलेला खालचा जबडा, वाढलेले टॉन्सिल, वाढते वय आणि आनुवंशिकता यांमुळे सडपातळ व्यक्तींनाही हा आजार होतो. अशा व्यक्तीला केवळ वजन उतरवण्याचा सल्ला दिला, तर तिचे खरे कारण तपासलेच जात नाही.

दुसरे विधान अधिक विचाराने पाहावे लागते, कारण त्यात आशा आहे आणि ती पूर्णपणे खोटी नाही. झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबतो किंवा उथळ होतो, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. प्रौढांमध्ये 5 पेक्षा कमी आकडा सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि त्यापुढे तीव्र आजार मानतात. टाइप 2 मधुमेह आणि स्लीप ॲप्निया असलेल्या 264 जणांवर झालेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार-व्यायामाच्या कसून राबवलेल्या कार्यक्रमाने वर्षभरात सरासरी 10.8 किलो वजन उतरले, म्हणजे मजकुरात सांगितले आहे त्याहून थोडे जास्तच. त्या गटात आजार पूर्ण ओसरलेल्यांचे प्रमाण होते 13.6 टक्के, तुलनेच्या गटात ते 3.5 टक्के होते. हा फायदा मोलाचा आहे, पण ज्यांचा आजार ओसरला नाही ते बहुसंख्य होते, आणि हा मजकूर वाचून यंत्र कपाटात ठेवणारे बरेचसे त्यांच्यासारखेच असणार.

नव्या औषधांनीही हे चित्र पुरते बदललेले नाही. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. त्यामागील चाचण्यांपैकी सीपॅप न वापरणाऱ्यांच्या चाचणीत वर्षभरात वजन सुमारे 18 टक्के घटले आणि एएचआय तासाला सुमारे 25 ने उतरला, ही मोठीच प्रगती आहे. मात्र सुरुवातीचा सरासरी आकडा 50 च्या आसपास होता, म्हणजे उरलेला सरासरी आकडाही मध्यम आजाराच्याच पट्ट्यात राहिला.

सीपॅपच्या सवयीची भीती निराधार आहे. हे यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते; ते काढले की मूळ स्थिती परत येते, याला व्यसन म्हणत नाहीत, आजार शिल्लक असणे म्हणतात. उलट एक गोष्ट मात्र रुग्णांना आवर्जून सांगायला हवी: सीपॅपने वजन आपोआप उतरत नाही, काही अभ्यासांत ते किंचित वाढलेलेच आढळले आहे. म्हणून आहार आणि व्यायाम यंत्रासोबतच सुरू झाले पाहिजेत. दिवसाची पेंग कमी झाली की चालण्या-फिरण्याची उमेदही वाढू शकते, त्यामुळे या दोन उपचारांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे काहीच कारण नाही.

राहिले घोरणे. आवाज कमी झाला तरी श्वास अडखळत राहू शकतो आणि ऑक्सिजन खाली येत राहू शकतो. झोपलेल्या माणसाला ते स्वतःला कळत नाही आणि शेजारी झोपलेल्यालाही प्रत्येक वेळी कळेलच असे नाही.

लक्षणीय वजन उतरले असेल, तर डॉक्टरांना सांगून झोपेची चाचणी पुन्हा करून घ्यावी. कदाचित यंत्राचा दाब कमी करता येईल, कदाचित यंत्र बंदही करता येईल. परंतु तोवर ते रोज रात्री लावावे, विशेषतः ज्यांना दिवसा गाडी चालवायची आहे त्यांनी, कारण अपुऱ्या झोपेने सुकाणूवर लागलेली डुलकी वजन उतरेपर्यंत थांबत नाही.