घर आईच्या नावावरच राहू द्या

आज सकाळी आमच्या दादरच्या इमारतीतल्या एक वयोवृद्ध काकू बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच घराची मालकी मुलाला देणाऱ्या दस्ताचा, मसुदा घेऊन माझ्याकडे आल्या आणि 'सही कुठे करायची' एवढेच विचारू लागल्या, तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, काकूंना जिने उतरवत नाहीत आणि मुलगा म्हणतो, 'घर माझ्या नावावर कर, पुढची धावपळ मी करीन.' धावपळ तो करीलही. पण धावपळीसाठी मालकी कशाला हवी? त्या कामापुरते कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा लेखी अधिकार, पुरते, आणि ते रद्दही करता येते.

माझ्या आत्याने मुलुंडची जागा अशीच थोरल्या मुलाला लिहून दिली. 'माझ्यावर विश्वास नाही का?' या त्याच्या प्रश्नापुढे ती गप्प झाली होती. तिला कुणी घराबाहेर काढले नाही, जेवणाखाण्याची आबाळही झाली नाही. पण माहेरी आलेल्या स्वतःच्या मुलीला 'चार दिवस राहा' म्हणण्याआधी ती सुनेच्या तोंडाकडे पाहू लागली. ज्या घराचे हप्ते तिने पोटाला चिमटा काढून फेडले, त्याच घरात!

राहते घर मुलांना बक्षीस देताना आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आणि वर अधिभार, म्हणजे काम स्वस्तात होते, हे मान्य. मृत्युपत्रावरून भावंडांत भांडणे होतात, हेही मान्य. पण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नसते (तरी करावी), आणि मुख्य म्हणजे जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर अट मोडल्यास परत मिळू शकते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट नसेल, तर ती होती हे सिद्ध करण्यातच उरलेले आयुष्य सरायचे. काकूंच्या मसुद्यात तिचा मागमूस नव्हता. आत्याच्या दस्तातही नव्हता, आणि असता तरी ती पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला गेली नसती. कोणती आई जाते?

आत्याचा मुलगा वाईट नाही, हे लिहिलेच पाहिजे. नोकरी सांभाळून तिचे औषधपाणी तोच पाहतो, रात्री-अपरात्री तोच तिला दवाखान्यात नेतो, आणि परदेशातला धाकटा फक्त फोनवरून सूचना करतो. सांभाळणाऱ्याला जास्त वाटा मिळावा, असे मलाही मनापासून वाटते. तो आईने मृत्युपत्रात लिहावा आणि इतरांनी मुकाट्याने मान्य करावा.

ज्यांच्या घरी असा मसुदा तयार असेल, त्यांनी दुय्यम निबंधकाकडची वेळ ठरवण्याआधी आईला तो मराठीतून वाचून दाखवावा, तिच्या विश्वासातल्या वकिलाला पाहू द्यावा, आणि ती 'नको' म्हणाली तर विश्वासाचा प्रश्न तिच्यापुढे काढू नये.